म्हाळाक्काची वाकळ

म्हाळाक्का जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हाक मारून बोलवायची, आणि तीही त्याच्या आईच्या भाषेत. मराठी घरी "ये रं माज्या राजा, ये", कानडी घरी "बा कूसू, बा", विणकरांच्या तेलुगू गल्लीत "रा नायना, रा", आणि मुसलमानाच्या घरी "आजा बेटा, आजा". कळा शिगेला पोचल्या की ती पुढे वाकायची आणि दाराशी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलू लागायची. मी एकदा तिला विचारलं, "आक्का, पोटातल्या मुलाला काय कळतंय मराठी आणि तेलुगू?" तर म्हणाली, "नऊ म्हैनं काय ऐकलंय त्येनं? आईचंच बोलनं की. परक्या बोलीत हाक मारली तर भितंय. आत सरकतंय."

ती वळसंगकडची धनगरीण. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि उरलेल्या भाषा तिनं बाळंतिणींच्या उशाशी बसून उचललेल्या. नवरा मेंढरं घेऊन फिरता फिरता परमुलखात वारला. मूलबाळ नव्हतं. तेव्हा ती सोलापुरात आली आणि साखर पेठेच्या टोकाला एका खोलीत राहिली. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर गोंदण, पायात कधी वहाण नाही. हात मात्र बघत राहावेत असे होते. बोटं लांब, नखं दगडावर घासून पार बोडकी केलेली. कुणाच्या घरी बाळंतपणाला आली की आधी चुलीतली राख मागायची, कोपरापर्यंत हात घासायची, आणि मूल आईच्या छातीशी लागेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. "त्येच्या तोंडात पडल्याबिगर माज्या तोंडात न्हाय," म्हणायची. पुढं पुण्याला मला हात धुण्याचं शास्त्र तीन आठवडे शिकवलं. मी गुमान शिकले.

बाळंतपणाच्या वेळी अंगावर असलेलं लुगडं सुइणीचं, असा तेव्हा रिवाज होता. घरच्यांना ते विटाळाचं म्हणून नकोच असायचं. बाकीच्या सुइणी ते धुऊन नेसत किंवा बोहारणीला देत. म्हाळाक्का त्यातला वीतभर तुकडा कापून घ्यायची, उरलेलं लुगडं कुणा उघड्या-नागड्याला देऊन टाकायची, आणि तो तुकडा आपल्या वाकळेला जोडायची. वाकळ म्हणजे आपली गोधडी, पण ही पांघरायची नव्हती. वर्षानुवर्षं तुकड्यावर तुकडा चढून ती इतकी जड झाली होती की दोघींनी धरल्याशिवाय झटकता यायची नाही. आई आणि मूल दोघंही सुखरूप असली तर तुकड्याच्या कडेनं पांढरा दोरा. कुणी दगावलं तर काळा.

त्या वाकळेत माझाही एक तुकडा आहे. हिरवं इरकली, तांबड्या काठाचं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते, मंगळवार पेठेत. आमची नेहमीची सुईण आजारी पडली आणि कुणीतरी म्हाळाक्काला घेऊन आलं. एरवी तिला आमच्या आईनं ओसरीच्या वर चढू दिलं नसतं. पण पोरगी अडली की सोवळं खुंटीवर जातं. चैत्रातलं ऊन, दाराला गोणपाट ओलं करून लावलेलं. मूल पायाळू होतं, आणि नाळ गळ्याला. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा आक्का "ये राजा, ये" म्हणत होती. मग ती बोलायची थांबली. ती थांबली हे मला अजून ऐकू येतं.

मुलगा होता. त्याच्या मागोमाग मीही जायच्या वाटेवर होते, कारण रक्त थांबेना. आक्कानं आईला बाजूला सारलं, माझ्या पोटावर मूठ रोवली आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत ती मूठ हलवली नाही. घाम तिच्या हनुवटीवरून माझ्यावर टपटप पडत होता. मध्येच एकदा डोळा उघडला तर म्हणाली, "जाऊ नगंस पोरी. तुला कुनी बलवलेलं न्हाय तितं." सगळं निवळल्यावर तिनं लुगड्याचा तुकडा मागितला, तेव्हा आई फाडकन बोलली, "मेलेल्या लेकराचं कसलं ग घेतेस?" आक्कानं शांतपणे कातरी उचलली. "जितं त्येवडं माजं आन् मेलं ते देवाचं, आसं कसं म्हनू आई?"

मुलापाठोपाठ सात महिन्यांनी आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, तापानं गेले. सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. माझे केस राहिले ते केवळ दादाच्या हट्टामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कोर्टात कारकून. आई गेल्यावर घर त्याचं आणि वहिनीचं झालं. मी दिवसभर धुणंभांडी करायची आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसायची. एक दिवस म्हाळाक्का सरळ दारात आली आणि दादाला म्हणाली, "हिला माज्याबरूबर धाडा. भित्ताड बगून डोळं जात्यात."

वर्षभर मी तिच्या मागं हिंडले. ब्राह्मणाची विधवा धनगरणीच्या मागून बाळंतिणींची घरं हिंडते म्हणून पेठेत काय काय बोललं गेलं ते सांगत बसत नाही. तिनं मला शिकवलं म्हणावं, तर ती शिकवायची नाहीच. माझा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "डोळं मीट. आता सांग, डोसकं कुटं हाय?" मी चुकले की हात तसाच धरून ठेवायची. चुकीचं उत्तर तिनं कधी खोडलं नाही, बरोबर येईपर्यंत वाट बघायची. "घाई आईला आसावी, सुईनीला नसावी," हे तिचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं.

पुण्याला नर्सिंगच्या कोर्सला जायचं ठरलं ते दादामुळे, पण माझी ट्रंक उचलून टांग्यात ठेवली आक्कानं. मला रडू येत होतं. ती म्हणाली, "रडतीस कशाला? हात हितलं घिऊन जा, कागद तितला घिऊन ये. दोनी असलं की कोन अडवतंय तुला?"

पुण्यात मी दोन वर्षं काढली. ज्या हाडांवरून माझी बोटं आधीच फिरली होती त्यांची इंग्रजी नावं पाठ केली. तोंडी परीक्षेला मूल आडवं आहे हे कशावरून ओळखाल असं विचारलं, तेव्हा मी डोळे मिटून हातानं दाखवलं. परीक्षक बाई खूश झाल्या. माझे निम्मे मार्क आक्काचे होते, पण सर्टिफिकेटावर नाव माझं एकटीचं पडलं, खाली लाल शिक्का.

परत आले तेव्हा वहिनीला तिसरं मूल झालेलं. ती वाईट नव्हती हो. पण रात्री अंथरुणं घालताना माझं अंथरूण कुठं घालायचं हा प्रश्न ती रोज नव्यानं सोडवायची, आणि मला तो रोज ऐकू यायचा. त्याच सुमारास गावातल्या काही व्यापारी मंडळींनी वर्गणी काढून प्रसूतिगृह उघडलं. सुइणीची एकच जागा, आणि तिला तिथंच मागच्या बाजूला राहायला खोली. दादा मला ती बघायला घेऊन गेला. एवढीशी खोली, पण दाराला आतून कडी होती. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या ताब्यात आतून लावायची कडी कधी आली नव्हती. मला ती जागा हवी होती. इतकी, की लाज वाटावी.

अर्ज दादानं लिहिला. त्यात मी बालविधवा, एवढंच होतं. मुलाचं काही नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "स्वतःचं मूल न जगलेली, वर विधवा. अशा बाईच्या हाती आपली सून कोण देईल? लोक आधी शकुन बघतात, मग शिक्षण." खोटं काही लिहिलं नव्हतं. खरं तेवढं गाळलं होतं. येऊन तीन आठवडे झाले तरी मी आक्काकडे गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिले. खरं कारण मला ठाऊक होतं. या जागेची दवंडी तिच्या गल्लीतही पिटली गेली होती.

मुलाखत एका कापडाच्या पेढीवर होती. कमिटीचे चौघे गादीवर आणि खुर्च्यांवर: अध्यक्ष शेठजी, एक वकील, एक डॉक्टर, आणि चौथे नुसतेच होते. मला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि माझं सर्टिफिकेट हातोहात फिरू लागलं. वकिलांनी ते उजेडाकडे धरून शिक्कासुद्धा तपासला. तेवढ्यात दारातल्या शिपायाचा आवाज चढला आणि त्याच्या हाताखालून वाकून म्हाळाक्का आत आली. डोक्यावर भलंमोठं गाठोडं. मला बघून ती क्षणभर थांबली. मग जणू आम्ही कधी भेटलोच नव्हतो अशी पुढं गेली.

"दाखला आणलाय का बाई?" वकिलांनी विचारलं.

"आनलाय की." तिनं गाठोडं सोडलं आणि वाकळ जमिनीवर पसरली. अर्धी पेढी झाकली. शेठजींनी पाय वर घेतले. कशाचे तुकडे आहेत ते तिनं सांगितल्यावर चौथे गृहस्थ उठून खिडकीशीच गेले.

"बाई, हे सगळं ठीक आहे," वकील हसत म्हणाले, "पण हे कमिटीच्या फायलीत कसं लावायचं?" सगळे हसले. आक्काही हसली. तिला वाटलं, गोष्ट मार्गाला लागली.

"ही काळ्या दोऱ्याची काय भानगड आहे?" वकिलांनी पुढं विचारलं.

इथं एखादी शहाणी बाई म्हणाली असती की दोरा संपला म्हणून दुसरा घेतला. जी नोकरी मागायला येते ती आपली मेलेली माणसं कशाला मांडून दाखवील? पण आक्काच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं. तिच्या लेखी दाखला म्हणजे सगळा दाखला.

"त्यात गेल्यात कोन ना कोन. काईंत लेकरू, काईंत आई."

वकिलांनी पेन्सिलीच्या टोकानं वाकळेचा पदर उचलून मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर म्हणाले, "अकरा. अकरा मृत्यू, आणि बाई स्वतः सांगताहेत!" डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, इतक्या वर्षांच्या कामात अकरा म्हणजे..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. ते जाणते होते. पण पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे मोजायला कुणी बसलं नाही.

मग ती पेन्सिल हिरव्या इरकलीवर येऊन थांबली. "हा केव्हाचा? हा तर नवा दिसतोय."

"चार-पाच वर्सं झाली. लेकरू पायाळू हुतं. गेलं. आई वाचली."

"आई वाचली हे कशावरून?" वकिलांना यात खरोखरच रस आलेला दिसला. "ती बाई गावात आहे का? नाव सांगा. बोलावून विचारू. तिनं तुमच्या बाजूनं सांगितलं तर कमिटी विचार करील."

मी दोन्ही हात मांडीवर दाबून बसले होते. आक्कानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ती खाली बघत म्हणाली, "नाव कसं सांगू सायेब? बाळंतिणीच्या खोलीतलं भाईर बोलत न्हाय मी. तिला सांगायचं आसलं तर ती सांगंल की."

ती वेळ माझी होती. मी फक्त उठून उभं राहायचं होतं. "ती आई मी," तीन शब्द. पण त्या तीन शब्दांबरोबर मुलगा बाहेर आला असता, अर्जातलं गाळलेलं बाहेर आलं असतं, आणि ती कडी गेली असती. मी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी शेठजी खाकरले आणि माझं सर्टिफिकेट उचलून म्हणाले, "या बाईंचं बघा. स्वच्छ. कुठं एक डाग नाही."

पुण्यात माझ्या समोर दोघी दगावल्या होत्या. सर्टिफिकेटात त्यांना जागा नव्हती.

डॉक्टर आक्काशी बरं बोलले. म्हणाले, "आक्का, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण उद्या इथं एखादी गेली, तर लोक कमिटीला धरतील की अडाणी बाई कशी ठेवली. कागद असला की तेवढं उत्तर देता येतं." आक्कानं मान हलवली. वाकळेची घडी तिला एकटीला घालता येईना, तेव्हा मी उठले आणि दुसरी दोन टोकं धरली. एवढं मात्र मी केलं. घडी घालताना तिचे हात माझ्या हातांना लागले. "बरी हायस न्हवं, बाय?" तिनं हळूच विचारलं, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन गेली.

जागा मला मिळाली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं साखर पेठेतल्या बायका म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? मी रोज संध्याकाळी आतून कडी लावायची आणि तिचा आवाज ऐकायची. हळूहळू आक्काच्या गल्लीतल्या बायकाही आमच्याकडे येऊ लागल्या, कारण आमच्याकडे खाटा होत्या, डॉक्टर होते, औषध फुकट होतं. त्यांना ते मिळालं हे चांगलंच झालं. पण एकेक बाई आली की मला वाटायचं, आक्काच्या वाकळेचा एकेक तुकडा मी पळवते आहे. दिवाळीला मी तिला नवं लुगडं पाठवलं. ते तसंच परत आलं, निरोपासकट: "माज्याजवळ हाय. नवं कशाला? मला जुनंच लागतंय."

मग तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एक विणकरीण गेली. पोथीत होतं ते मी सगळं केलं, आणि पोथी संपल्यावर आक्काची मूठही रोवून पाहिली. त्या बाईनं माझ्याकडे बघत तेलुगूत काहीतरी मागितलं. मला कळलं नाही. मी भाषा शिकले नव्हते. सकाळी वकील आले, रजिस्टर उघडलं, माझी एक ओळ वाचली आणि मिटलं. "ट्रेन्ड नर्स हजर होती. कमिटीकडून कुठं कमतरता राहिली नाही," असं ते शेठजींना सांगताना मी ऐकलं. त्या बाईचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं वाचलं नाही. मला कुणी जाब विचारला नाही, दोष दिला नाही. तेव्हा मला कळलं की त्यांनी मला नव्हे, त्या कागदाला नोकरीवर ठेवलं होतं. आणि कागद आपलं काम चोख करत होता.

दुपारी मी त्या बाईच्या लुगड्याचा तुकडा पदराखाली घेतला आणि तीन वर्षांनी आक्काच्या दारात जाऊन उभी राहिले. ती उन्हात बसून कुणाच्या तरी मुलाला तेल लावत होती. डोळे बारीक करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तुकडा पुढं केला तशी म्हणाली, "आली व्हय ग तुज्यावर बी पाळी." मग जवळ बसवून घेतलं. मी म्हटलं, "आक्का, हा वाकळेला लाव." तिनं तुकडा माझ्या मांडीवर परत ठेवला. "माज्यात न्हाय बसायचा ह्यो. तुजी तू शीव. आजपातुर तू कागदाची सुईन हुतीस. आता खरी झालीस."

मी रडत रडत कमिटीला बोलले, वकिलांना बोलले, नको नको ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्येंच्यावर कशाला चिडतीस? त्येंचं बी खरं हाय की. बाळंतिणीच्या खोलीत बाप्या मानूस येतोय व्हय? माजं हात त्येंनी कुटं बगितल्यात? आंधळ्यानं काठी चाचपावी तसा कागद चाचपत्यात. काठी टाकून चाल म्हनलं तर पडतील की." मी म्हटलं, "पण ज्यांनी बघितले होते त्यांनी तरी..." तिनं सुई माझ्या हातात दिली. "दोरा ओव ह्यात. मला दिसंना झालंय आता." मी काळा दोरा ओवून दिला. ते बोलणं तिथंच राहिलं, आणि ते राहिलं म्हणून मला बरं वाटलं. असा माझा स्वभाव.

पुढं कमिटीनं मदतनीस बाई निवडायचं काम माझ्यावर टाकलं. एका सकाळी नऊजणी आल्या. कुणाच्या हातात काय आहे हे बघायला मला नऊ बाळंतपणं लागली असती. माझ्याकडे एक सकाळ होती. मी पहिलीला विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" शब्द तोंडातून गेल्यावर मला वकिलांची पेन्सिल आठवली. तरी दुसरीलाही मी तेच विचारलं.

डोळे पार गेल्यावर आक्का पुतण्याकडे वळसंगला जाऊन राहिली. वर्षा-दोन वर्षांनी तिचा निरोप आला, म्हणजे निरोप पुतण्याचा होता: आक्का काही खात नाही, तुमचं नाव काढते. मी सर्व्हिस मोटारीनं गेले. आंबील पाजून झाली होती, घरात पाच-सहा बायका बसलेल्या. आक्का घोंगड्यावर पडली होती, आणि कुणीतरी तिच्या छातीपर्यंत ती वाकळ घातली होती. पांघरायची नाही म्हणून जिनं जन्मभर जपली तिच्याच अंगावर. इतकीशी ती झाली होती आणि एवढं ते ओझं. मी ती खाली सरकवायला गेले तर तिनं धरून ठेवली.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती गेली. जाताना मी तिच्या कानाशी वाकले आणि तिच्या घरच्या भाषेत म्हटलं, "होगि बा, आक्का." जाऊन ये. तेवढे दोन कानडी शब्द मी वाटेत मोटारीतल्या एका म्हातारीकडून शिकून घेतले होते. परक्या भाषेत निरोप दिला तर ती भिईल असं मला वाटलं. वाकळ पुतण्यानं मला दिली. आज ती माझ्या ट्रंकेत आहे, आणि माझं सर्टिफिकेट भिंतीवर आहे, काचेत.

पण ती जायच्या आधी दुपारी एक गोष्ट झाली, ती सांगायचीच राहिली. तिला शुद्ध होती. वाकळेवर मला माझा हिरवा तुकडा सापडला, काळा दोरा विटून तपकिरी झालेला. मी तिचा हात उचलून त्याच्यावर ठेवला. बोटांनी तिनं तो लगेच ओळखला. मग इतकी वर्षं राहिलेलं मी बोलले. मोठ्यानं बोलले, त्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं. म्हटलं, "ही पायाळू मुलाची आई मी आहे. मला आक्कानं वाचवलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मूठ काढली नाही हिनं."

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आक्काची बोटं त्या तुकड्यावरून एकदा फिरली.

"व्हय की," ती म्हणाली. आवाजात राग कुठंच नव्हता. "पर हितं कोन इचारतंय, बाय?"